पावसाळ्यात बागेतल्या इवल्या पक्ष्यांचे फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की पुण्यातले बरेच हौशी फोटोग्राफर कॅमेरा कपाटात ठेवतात आणि थंडीत भिगवणला फ्लेमिंगो येण्याची वाट बघत बसतात. इकडे त्यांच्याच खिडकीबाहेर शिंपी पानं शिवत असतो, वटवट्या जास्वंदीच्या शेंड्यावर बसून कानठळ्या बसवत असतो आणि मुनिया गवताची पाती ओढून नेत असते. बागेतल्या कित्येक छोट्या पक्ष्यांचा खरा हंगाम पावसाळाच. खालचे प्रश्न सोसायटीच्या पार्किंगमध्ये, टेकडीवर आणि चहाच्या टपरीवर लोक पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं पुण्याचा पाऊस धरून दिली आहेत. कोकणात किंवा लोणावळ्यात ती जशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

पाऊस पडत असताना हे पक्षी बाहेर तरी येतात का?

येतात, कारण पोट थांबत नाही. शिंजीर काय, शिंपी काय, जेमतेम सात-आठ ग्रॅमचा जीव. अंगात साठा तो किती असणार? भुरभुर चालू असली तर तो नेहमीसारखाच हिंडतो, फक्त झाडाच्या आतल्या फांद्यांवर. जोराची सर आली की दाट पानांत, वाऱ्याच्या आडोशाला जाऊन बसतो. पाठ ताठ, पिसं अंगाला चापून बसवलेली, चोच किंचित वर. असं बसलं की पाणी अंगावरून सरळ ओघळून जातं. आंबा, कडुनिंब, दाट वाढलेली बोगनवेल ही त्यांची ठरलेली आसरा घेण्याची ठिकाणं. सर येण्याआधी पक्षी कुठे शिरले ते बघून ठेवलं तर सर थांबल्यावर शोधाशोध करावी लागत नाही.

नेमकी वेळ कोणती साधावी?

सर थांबल्यानंतरचा पहिला अर्धा तास. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

पुणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर इथे साधारण ७०० ते ७५०. शहरातही कोथरूड-वारजे-पाषाण बाजूला जास्त आणि हडपसरकडे कमी. काही दिवस झड लागते हे खरं, पण एरवी आपला पाऊस तुकड्यातुकड्यांनी येतो. दहा मिनिटं सर, वीस मिनिटं उघडीप, मग भुरभुर, मग लख्ख उजेड, पुन्हा सर. फोटो याच फटींत मिळतात.

उघडीप झाली की छोटे पक्षी दोन कामं करतात, खाणं आणि अंघोळ. अंघोळीसाठी यांना डबकं लागत नाही. कर्दळीच्या किंवा केळीच्या रुंद पानावर पाणी साचलेलं असतं. शिंजिराची मादी त्यावर उतरते, छाती पानाला घासत टोकापर्यंत घसरत जाते, पंख थरथरवते आणि उडून परत पानाच्या देठाशी येते. असं चार-पाच वेळा. मग जवळच्या एखाद्या काटकीवर बसून पाणी झटकते, शेपटीच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीला चोच लावते आणि एकेक पीस चोचीतून ओढून सारखं करते. या उद्योगात ती इतकी गढलेली असते की तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. चष्मेवाले तर टोळीनेच येतात आणि एकाच ओल्या फांदीवर धुडगूस घालतात.

घड्याळाचं म्हणाल, तर पहाटेचा हट्ट सोडा. पावसाळ्यात सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, पण ढगांमुळे सात-साडेसातपर्यंत कॅमेऱ्याला पुरेसा उजेडच नसतो. नऊ ते अकरा ही वेळ जास्त कामाची. उन्हाळ्यात याच वेळी ऊन नको नको होतं. पावसाळ्यात ढग उजेड मऊ करतात, काळ्याकुट्ट सावल्या पडत नाहीत, दुपारी बारालाही काम चालतं.

जूनमधल्या पहिल्या एक-दोन दमदार पावसांनंतरची संध्याकाळ वेगळी राखून ठेवा. त्या वेळी जमिनीतून पंखवाल्या वाळव्या उठतात आणि बुलबुल, दयाळ, कोतवाल, चिमण्या, सगळ्यांची पंगत बसते. एरवी झुडपाच्या पोटात लपणारे पक्षीसुद्धा मोकळ्यावर येतात.

पुण्यातल्या बागेत या दिवसांत कोणकोण भेटतं?

शिंपी, राखी वटवट्या, जांभळा शिंजीर, जांभळ्या पाठीचा शिंजीर, चष्मेवाला, फुलटोच्या, लालबुड्या बुलबुल, दयाळ, चिरक, नाचण, ठिपकेवाली मुनिया. जरा झाडी असेल तर सुभग. विणीच्या दिवसांत नर सुभगाची पाठ काळी आणि पोट हळदीसारखं पिवळं होतं, आणि हिरव्याकंच पानांत तो जो उठून दिसतो त्याला तोड नाही. शहराच्या कडेला, विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेल्या बाभळीवर सुगरणींची वसाहत असते. नराची पिवळी टोपी बघायची तर हेच महिने.

फुलटोच्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तो दिसूनही लोकांना 'दिसत' नाही. लांबी साधारण आठ सेंटिमीटर, रंग मातकट, नाव घेण्यासारखं काही नाही. झाडावर बांडगूळ असेल तर त्याच्या फळांवर तो येणारच. सोसायटीत सिंगापूर चेरीचं झाड असेल तर तिथेही. 'चिक्-चिक्' असा तुटक आवाज येत राहतो. आवाजाच्या दिशेने लेन्स धरून थांबायचं. त्याच्या मागे धावलात तर हाती फक्त हलणारी पानं लागतील.

थंडीतले पाहुणे, म्हणजे बहुतेक माशीमार आणि बहुतेक धोबी, या दिवसांत नसतात. करडा धोबी सप्टेंबरच्या आसपास दिसू लागला की पावसाळा उताराला लागला असं समजा.

आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड येतो. त्याचा फोटो कसा काढू?

तो शिंजीर आहे. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात. शिंजीर फुलासमोर क्षणभर तरंगतो, त्यामुळे घोटाळा होतो, पण बहुतेक वेळा तो देठावर बसूनच मध पितो. ही फोटोग्राफरसाठी चांगलीच बातमी आहे.

कुठे जावं? टेकडी, एम्प्रेस गार्डन की पाषाण तलाव?

घरीच थांबा. चेष्टा करत नाही. छोट्या पक्ष्यांसाठी आणि तेही पावसात, स्वतःची बाल्कनी किंवा सोसायटीची बाग सगळ्यांत सोयीची. डोक्यावर छप्पर, हाताशी चहा, पक्ष्याला तुमची सवय झालेली आणि सर थांबली की अर्ध्या मिनिटात तुम्ही जागेवर. सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून तो मोलाचा अर्धा तास वाया घालवण्यात काय अर्थ आहे?

तरीही बाहेर पडायचं असेल तर एम्प्रेस गार्डनमधली जुनी मोठी झाडं आणि त्यांच्याखालची झुडपं चांगली. महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात आणि मोठ्या कॅमेऱ्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, तेव्हा गेटवर आधी विचारून घ्या. नाहीतर पाटी दाखवली जाईल, आणि पुण्यातल्या पाटीशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही. वेताळ टेकडी आणि तळजाईला वटवटे, चिरक, मुनिया भरपूर. पावशा आणि चातकही तिथे हमखास ऐकू येतात. पण शेवाळलेल्या दगडांवर लेन्स सांभाळत चालणं सोपं नाही, आणि वीज कडाडायला लागली की उघड्या माथ्यावर थांबायचंच नाही.

बाल्कनीला ग्रिल आहे, खिडकीला जाळी आहे. मग काय करायचं?

ग्रिलच्या चौकटीतून लेन्सचं तोंड बाहेर काढा, हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी नळी, मात्र लावलेला हवा. डासांची जाळी असेल तर लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा आणि लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, म्हणजे एफचा आकडा सगळ्यांत लहान, ठेवा. पक्षी चार-पाच मीटरवर असेल तर जाळी विरघळून जाते, फक्त चित्र थोडं धुरकट येतं. ते नंतर कॉन्ट्रास्ट वाढवून बऱ्यापैकी सावरता येतं. सरकती काच असेल तर आधी ती बाहेरून पुसा, खोलीतला दिवा बंद करा आणि हूड काचेला सपाट टेकवा. तिरकं धरलं की चित्र फाटल्यासारखं दुहेरी दिसतं.

बाल्कनीत झाडं लावणार असाल तर हॅमेलिया लावा. पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांच्या कुंपणाला तो असतोच. लाल-केशरी नळीसारखी फुलं आणि त्यावर शिंजिरांची रांग. जास्वंद, रसेलिया, पावडरपफही चांगले. कुंडी कठड्यापासून आत ठेवण्यापेक्षा अशी ठेवा की तिच्यामागे दूरवरची हिरवी झाडी येईल, समोरच्या बिल्डिंगची ड्रेनेजची पाइपलाइन नाही.

किती मिलिमीटरची लेन्स लागते?

३०० पासून पुढे. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ७०-३०० ची लेन्स बागेत सुरुवातीला पुरते. १००-४०० मिळाली तर सोनं. १५०-६०० घेण्याआधी एक आकडा बघा, कमीत कमी किती अंतरावर ती फोकस होते. यातल्या बऱ्याच लेन्सना दोन-अडीच मीटर तरी लागतात. बाल्कनीत शिंजीर दीड मीटरवर आला तर तुम्ही नुसतेच बघत बसाल.

पावसाच्या धारा फोटोत दिसतच नाहीत. शटर किती ठेवू?

हा खरा मजेचा प्रश्न. साधारण दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब सेकंदाला सहा-साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. आता हिशेब करा. शटर १/१२५ सेकंद असेल तर तेवढ्या वेळात थेंब पाच सेंटिमीटर पडतो, म्हणजे फोटोत पाच सेंटिमीटरची रेघ. शिंजीर आख्खा दहा सेंटिमीटरचा, तेव्हा त्याच्या निम्म्या उंचीच्या धारा दिसणार. १/२५० ला त्या अडीच सेंटिमीटरच्या होतात, १/५०० ला सव्वा सेंटिमीटरच्या आणि १/१००० ला थेंब जवळजवळ ठिपक्यासारखा थिजतो.

माझी पसंती १/१२५ ते १/२५० च्या मधली. धारा धारांसारख्या दिसतात आणि स्वस्थ बसलेला पक्षीही साफ येतो. मात्र तो बसलेलाच हवा. शिंपी एका जागी बसेल याची खात्री कुणी द्यावी? तेव्हा एकच फोटो काढून थांबू नका, दहा-बाराची फैर झाडा. त्यातल्या एखाद्यात डोकं स्थिर सापडतं. हाताखाली कठडा, तांदळाची पिशवी, काहीही आधार घ्या.

एवढं करूनही धारा दिसल्या नाहीत तर दोष पार्श्वभूमीचा. पांढऱ्या आकाशासमोर पाऊस दिसत नाही. मागे गडद काहीतरी हवं, आंब्याची सावली, ओली दगडी भिंत, झाडाचं काळं खोड. त्यात उजेड पक्ष्याच्या मागून किंवा बाजूने येत असेल तर प्रत्येक धार चांदीसारखी उजळते. श्रावणात ऊन असताना पाऊस येतो तेव्हा हे फुकट मिळतं, तेवढ्यासाठी बाल्कनीतली एक खुर्ची पश्चिमेकडे तोंड करून ठेवावी. भुरभुरीचे थेंब अर्ध्या मिलिमीटरहून बारीक आणि संथ असतात. त्यांच्या धारा होतच नाहीत, नुसतं धुकट दिसतं. तेव्हा शटरशी खेळत बसू नका, पिसांवर साचलेल्या मोत्यांवर लक्ष द्या.

पाणी झटकणाऱ्या पक्ष्याचं गणित वेगळं. तिथे १/१६०० वर जा, म्हणजे उडालेला एकेक थेंब सुटा दिसेल.

आयएसओ किती वाढवू? फोटो दाणेदार येतो.

आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता. ३२०० ला घाबरू नका, नव्या कॅमेऱ्यांवर ६४०० लाही नको. दाणे वाढतात ते मुख्यतः फोटो काळपट काढून मग संगणकावर उजळवल्यामुळे. आयएसओ वाढवून काढलेला नीट उजळ फोटो हा आयएसओ वाचवून काढलेल्या अंधाऱ्या फोटोपेक्षा नेहमी चांगला निघतो. जेपेगऐवजी रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. नॉइज काढणारी सॉफ्टवेअर आता फार चांगली झाली आहेत, पण त्यांचा हात जड पडला की पिसांचं मेण होतं. पार्श्वभूमीवर जास्त लावा, पक्ष्यावर कमी.

नर शिंजीर नुसता काळा ठिपका येतो. त्याचा जांभळा रंग कुठे जातो?

तो रंग पिसांत मुरलेला नसतो. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून उजेड परावर्तित होतो तेव्हा ती जांभळी-निळी झळाळी दिसते, आणि तीही ठरावीक कोनातूनच. ढगाळ हवेत समोरून पुरेसा उजेड नसला की नर काळाच दिसणार. उपाय दोन. पहिला म्हणजे उजेडाकडे पाठ करून उभे राहा आणि तो मान वळवेपर्यंत थांबा. एका वळणात गळा पेटल्यासारखा झळकतो. दुसरा म्हणजे एक्स्पोजर. पांढऱ्या आकाशासमोर तो बसला असेल तर कॅमेरा फसतो आणि त्याला आणखी काळा करतो, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक १ ते अधिक २ द्या. गडद झाडीसमोर मुनियेची फिकट छाती असेल तर उलट उणे अर्धा-पाऊण.

वीण संपली की जांभळ्या शिंजिराच्या नराची ही झळाळी उतरते. मग तो मादीसारखा पिवळसर दिसतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी उरते. पावसाळ्याच्या शेवटी असा पक्षी दिसला आणि नाव सापडेना तर तोच आहे.

फोकस पक्ष्यावर न बसता पानावर बसतो.

तीन मीटरवरच्या पक्ष्याला ४०० मिलिमीटर आणि एफ/५.६ ने टिपताना क्रॉप सेन्सरवर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम सव्वा सेंटिमीटर असते. म्हणजे डोळा पकडला तर शेपूट गेली. म्हणून फोकसचा एकच, लहान बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. डोळा ओळखणारी यंत्रणा असेल तर वापरा, पण दाट पानांत आणि पडत्या धारांत ती गोंधळते. पाठपुरावा करणाऱ्या फोकसची संवेदनशीलता कमी ठेवली की मध्येच आलेल्या थेंबावर तो उडी मारत नाही.

फ्लॅश वापरू का?

नको. समोरचे थेंब पांढरे गोळे होऊन चमकतात, आणि पक्ष्याला त्रास तो वेगळाच.

ओल्या पानांची चकाकी घालवायला पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावू का?

चकाकी जाते हे खरं, पण सोबत एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उजेडही जातो. पावसाळ्यात तो आणायचा कुठून? त्यापेक्षा अर्धं पाऊल बाजूला सरका.

कॅमेरा भिजू नये म्हणून काय करावं? रेनकव्हर महाग आहे.

भाजीची मोठी, जाड, पारदर्शक पिशवी घ्या. बुडाला हूडच्या मापाचं भोक पाडा, हूडवर रबर बँडने घट्ट बसवा, मागच्या उघड्या तोंडातून हात घाला. दिसायला गबाळं, कामाला चोख. हूड मात्र पावसात काढायचाच नाही, समोरच्या काचेवर थेंब पडू नयेत म्हणून त्याच्याइतका स्वस्त उपाय नाही. छत्री हवीच असेल तर काळी किंवा गडद हिरवी. फुलाफुलांच्या छत्रीखाली पक्षी येत नाहीत असं नाही, पण छत्री हलली की उडतात. कॅमेऱ्यावर पाणी पडलंच तर जुन्या सुती पंच्याने टिपून घ्या. घासू नका, पाणी सांध्यांत शिरतं. आणि 'वेदर सील्ड' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ते तुषारांसाठी असतं, मुसळधार पावसासाठी नाही. मागेपुढे लांब होणाऱ्या झूममध्ये तर ओली हवा आत खेचली जाते, म्हणून लेन्स ओली असताना झूम फिरवणं टाळा.

भिजलेला कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. त्याने पाणी काही शोषलं जात नाही, तांदळाची भुकटी मात्र बटणांत शिरते. बॅटरी आणि कार्ड काढून, झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली ठेवा. चालू करून बघण्याची घाई करू नका.

बाहेर आलो की लेन्सवर वाफ धरते.

एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून बाहेर आलात ना? जुलैत पुण्याच्या हवेत इतकी आर्द्रता असते की थंड काचेवर लगेच दव धरतं. निघण्याआधी कॅमेरा बंद पिशवीत घाला आणि बाहेर आल्यावर वीस-तीस मिनिटं पिशवी उघडू नका. गाडीत असाल तर पोहोचण्याआधी एसी बंद करून काचा खाली करा. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरते. आणि आतल्या भिंगावर धरली असेल तर थांबण्याशिवाय इलाज नाही.

माझ्याकडे फक्त फोन आहे.

फोनने पक्षी मोठा काढण्याच्या फंदात पडू नका. बोटांनी ताणलेला झूम पिसांचा चिखल करतो. त्यापेक्षा फोन कुंडीपाशी छोट्या स्टँडवर लावा, वरून प्लॅस्टिकचं झाकण धरेल असं काही करा आणि ब्लूटूथच्या बटणाने आतून क्लिक करा. किंवा व्हिडिओ चालू ठेवून बाजूला व्हा. पहिल्या दिवशी पक्षी बिचकतील, दोन-तीन दिवसांनी फोन तिथलाच वाटू लागेल. ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही, तेव्हा आवाजाचं बटण शटर म्हणून वापरा. आणि पक्षी छोटाच आला तरी बिघडत नाही. ओलं पान, धारा, भिंत आणि त्यात एक इवलासा बुलबुल, असा फोटो पुष्कळदा नुसत्या डोक्याच्या क्लोज-अपपेक्षा जास्त काही सांगून जातो.

घरट्याचे फोटो काढले तर चालतील का?

या प्रश्नावर मी थोडा कडक आहे. पावसाळ्यात शिंपी, वटवट्या, मुनिया, सुगरण सगळ्यांची वीण चालू असते आणि घरटी अगदी हाताशी असतात. 'फक्त एक पान बाजूला करतो' म्हणणारा माणूस ते पान का तिथे होतं याचा विचार करत नाही. तेच पान पिल्लांवरचा पाऊस अडवत असतं आणि कावळ्या-भारद्वाजाच्या नजरेपासून लपवत असतं. तुम्ही जवळ उभे राहिलात की आई-बाप चारा घेऊन लांब थांबतात. पावसात अंगाखालची ऊब तुटली की पिल्लं गारठायला वेळ लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना उपद्रव देणंही मोडतं, हेही ठाऊक असू द्या.

घरटं तुमच्याच बाल्कनीत असेल तर घरातून, पडद्याआडून, लांब लेन्सने, थोडा वेळ. पक्षी चोचीत चारा घेऊन समोर अडून बसला असेल आणि घरट्याकडे जात नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे व्हा. सुगरणींच्या वसाहतीचं मात्र लांबून, सगळं झाड धरून चित्र घेता येतं. नर घरटं विणताना उलटा लटकतो ते टिपायला जवळ जावंच लागत नाही.

मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावला तर?

विणीच्या दिवसांत नको. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, आणि तो काम टाकून भांडायला येतो. दाणे टाकून बोलावणंही पावसाळ्यात बरं नाही, ओल्या दाण्यांना बुरशी येते. पाण्याचं भांडं ठेवत असाल तर रोज रिकामं करा. नाहीतर डासांच्या अळ्या शोधायला महापालिकेची माणसं येतील तेव्हा उत्तर द्यावं लागेल.

पावसात भिजलेलं पिल्लू खाली पडलेलं सापडलं.

पिसं फुटलेली असतील आणि तुरुतुरु उड्या मारत असेल तर ते घरट्यातून नुकतंच बाहेर पडलंय, हरवलेलं नाही. मांजरापासून वाचेल अशा जवळच्या झुडपात, पानांखाली ठेवा आणि लांब जा. आई-बाप आवाजावर येतात. माणसाचा हात लागला म्हणून ते पिल्लू टाकत नाहीत. जखमी असेल तर पंख्याखाली ठेवणं, दूध-पाणी पाजणं असले उपचार करू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात कापडावर, कोरड्या जागी ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. फोटो? तो राहू द्या त्या दिवशी.

समोरच्या बिल्डिंगमधले लोक संशयाने बघतात.

बघणारच. अर्धा हात लांबीची लेन्स तुमच्या खिडकीकडे वळली तर तुम्ही काय कराल? कॅमेरा आडवा किंवा खाली, झुडपांकडे धरा, आणि सरळ जाऊन समोरच्या काकूंना दोन फोटो दाखवून या. पुढच्या वेळी 'अहो, तुमचा तो पिवळा पक्षी आमच्या कढीपत्त्यावर बसलाय' असा फोन त्याच करतील.

पावसाळ्यात कॅमेरा ठेवायचा कसा? लेन्सला बुरशी लागते म्हणतात.

लागते, आणि ती बाहेर भिजल्याने कमी, कपाटात कोंडल्याने जास्त. कापडी बॅग आणि चामड्याचं कव्हर ओल धरून ठेवतात, पावसाळ्यात त्यात लेन्स ठेवूच नका. ड्राय कॅबिनेट असेल तर उत्तम. नसेल तर हवाबंद झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्तातलं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. ६५-७० च्या वर तो रेंगाळला की बुरशीला आमंत्रण. जेलने रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास तापवून ती पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये ती घालू नका, नारिंगी घ्या. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका. आणि आठवड्यातून दोनदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा.

भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशीच. घरी लेन्स उघडू नका, माहितगार दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि खर्च आधी विचारा, जुन्या किट लेन्सच्या बाबतीत तो पुष्कळदा लेन्सच्या किमतीएवढा होतो. तोवर ती लेन्स बाकीच्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका.